कुंडीतली सबुरी

शिर्डीत पावलोपावली दोन शब्द दिसतात: श्रद्धा आणि सबुरी. यातली ‘सबुरी’ अरबी ‘सब्र’च्या घराण्यातली. गंमत अशी, की स्वाद-बे-रे या त्याच तीन अक्षरांतून ‘मुसब्बर’ हा शब्दही आला. मुसब्बर म्हणजे युनानी हकीम वापरतात तो कोरफडीचा वाळवलेला रस, आपला काळाबोळ. जाड पानांचं झाड आणि सबुरी, भाषेनं दोघांना एकाच घरात ठेवलं आहे.

हल्ली कोरफडीपेक्षा तिच्यासारख्याच जाड पानांच्या एचेव्हेरियाचं कौतुक जास्त. कमळासारखी रचलेली पानं, चकचकीत छोटी कुंडी. शिक्षकदिनाला भेट म्हणूनही मिळते. आणि पुष्कळदा ती मरते ती तहानेनं नाही, आपल्या मायेनं.

हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. पाणी पानांत साठवतं आणि पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतं. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात, खालची पानं पिवळी, पारदर्शक होऊन गळतात. आपल्याला वाटतं, तहानलंय. आपण आणखी पाणी घालतो.

दुसरी अडचण उसन्या पंचांगाची. थंड देशांतले व्हिडिओ सांगतात, हिवाळ्यात झाड घरात घ्या. तिथे बर्फ पडतो. आपल्याकडे हिवाळा हाच त्याचा सुखाचा काळ. जपायचं ते एप्रिल-मेच्या दुपारी आणि पावसाळ्याच्या दमटपणात. उन्हाळ्यात सकाळचं ऊन द्या, दुपारी सावली. पावसाळ्यात वळचणीखाली नव्हे, पुरतं छपराखाली ठेवा. तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून निम्मी जाड वाळू किंवा विटांचे तुकडे मिसळा. माती तळापर्यंत सुकल्यावरच पाणी घाला, तेही मातीत, पानांच्या मधल्या गाभ्यात नाही.

साईबाबांनी राहात्याहून जाई-जुईची रोपं आणून, कच्च्या घड्यांनी स्वतः पाणी घालून बाग फुलवली, असं साईसच्चरितात आहे. फुलझाडांना ते रोजचं पाणी हवंच होतं. एचेव्हेरियाला तीच माया बाधते. म्हणजे माया कमी करायची नाही, समोर कोण आहे ते आधी बघायचं.

म्हणून माझं मत असं, की शाळांनी ‘पाणी घालणारा’ ही पाळी बंद करून ‘माती तपासणारा’ नेमावा. पाळी आली म्हणून मूल पाणी ओततंच. काही केलं नाही तर काम चुकवल्यासारखं वाटतं. बोट मातीत खुपसून, ओल जाणवल्यावर वहीत ‘आज पाणी नको’ लिहिणाऱ्या मुलालाही शाबासकी मिळाली पाहिजे. सबुरीचा यापेक्षा सोपा धडा कुठल्या पुस्तकात सापडणार?