वाट कुणाच्या मोबाइलमध्ये अडकलीय?

रील लाखो लोक बघतात, पण वाट कुणी लिहून ठेवत नाही. ट्रेकिंगचा नाद असेल, तर हे काम तुमचंच आहे!

एक साधा प्रश्न. तुमच्या आवडत्या गडावर मे महिन्यात कुठल्या टाक्यात पिण्याचं पाणी असतं? आता उत्तर ऑनलाइन शोधून बघा. ढग, ड्रोन, सूर्योदय आणि मागे दणदणीत गाणं, अशा रील्स ढीगभर सापडतील. टाकं सापडेलच असं नाही.

म्हणजे उत्तर कुणालाच माहीत नाही, असं नव्हे. ते एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलेलं असतं, दुसऱ्यानं दोन मिनिटांत सांगितलेलंही असतं. मग त्याच्यावर शेकडो ‘गुड मॉर्निंग’ येऊन पडतात. फोन बदलला, ग्रुप सोडला की विषय संपला. बाहेरच्या माणसाला तर तो मेसेज कधी दिसणारच नसतो.

नावाजलेल्या गडांचं एक वेळ ठीक आहे, त्यांच्यावर पुस्तकं आहेत. खरी पंचाईत घाटवाटांची. कोकणातून देशावर चढणाऱ्या या जुन्या पायवाटा. गाडीरस्ते झाले, डोक्यावर ओझं घेऊन घाट चढणारी माणसं कमी झाली आणि वाटा रानात मिटायला लागल्या. चार पावसाळे कुणी फिरकलं नाही, की कारवी आणि गवत माजतं. कुठे दरड कोसळून वाटेचा तुकडाच जातो. मग ती वाट उरते पाड्यावरच्या एखाद्या आजोबांच्या डोक्यात, आणि त्यांनी कधीकाळी सोबत नेलेल्या दोन-चार ट्रेकर्सच्या आठवणीत.

या वाटांची नावं नीट ऐका. ‘नाळ’ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. ‘सोंड’ म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. ‘पदर’ म्हणजे कड्याच्या मधली सपाटी. ‘निसणी’ म्हणजे शिडी. पुढे काय वाढून ठेवलंय, हे नावच सांगून टाकतं. त्याच वाटेला आपण ‘हिडन ट्रेल’ असा हॅशटॅग लावला, की यातलं काहीच उरत नाही.

आधीही गेलंय, पुन्हा जाईल

‘सगळं नेटवर आहे की!’ असं वाटत असेल, तर थोडा इतिहास बघा. ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तिथल्या कम्युनिटीजचा संग्रह काही काळ ठेवला होता, नंतर तोही गेला. याहू ग्रुप्सवरचा मजकूर २०१९ च्या अखेरीस काढायला सुरुवात झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. २०१७ मध्ये फोटोबकेटनं दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. जगभरच्या छंदी लोकांच्या जुन्या पोस्टमधले फोटो एका झटक्यात दिसेनासे झाले. ‘फोटोत दाखवलेल्या झाडापासून डावीकडे’ एवढंच वाक्य उरलं, तर त्याचं करायचं काय?

आणि ड्राइव्हवर ठेवलेला जीपीएस ट्रॅक? गुगलच्या नियमानुसार दोन वर्षं अकाउंट वापरलं नाही, तर ते काढून टाकलं जाऊ शकतं.

मराठीचं आणखी एक दुखणं आहे. युनिकोड रुळण्याआधी अनेकांनी वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टाइप केलं. तो फॉन्ट नसेल, तर आज त्या पानावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर आहे, पण वाचता येत नाही.

नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांनंतरही आहे. ऑर्कुटला पुरती अकरा वर्षंही मिळाली नाहीत. आता कातळावर नाव कोरायला जाऊ नका, प्लीज! पण लिहिलेलं किती टिकेल, ते कशावर लिहितो यावरच ठरतं, एवढं लक्षात घ्या.

‘पण गर्दी होईल ना!’

हा आक्षेप खरा आहे. हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी लागणारी रांग तुम्ही पाहिली असेल. जागा सांगितली की प्लास्टिक पोहोचतं, म्हणून बरेच जाणकार मुद्दाम गप्प बसतात. त्यांचा राग समजू शकतो. पण ही गर्दी कशानं आली? वीस सेकंदांच्या व्हिडिओनं. त्यात जागा दिसते, पण चढ किती, पाणी कुठे, पावसात वाट का टाळायची, हे काहीच कळत नाही. सविस्तर लिहिलेली माहिती हौशी माणसाला ‘हे आपलं काम नाही’ असंही सांगते. गप्प बसल्यानं गर्दी थांबलेली नाही. फक्त जाणाऱ्याची तयारी कमी झाली आहे आणि वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री गावकऱ्यांनाच बाहेर पडावं लागतं.

काही गोष्टी मात्र गुपितच ठेवायला हव्यात. गिधाडांची घरटी, दुर्मीळ वनस्पतींची नेमकी जागा, गावानं ‘नको’ म्हटलेली देवराई. सगळं जगाला सांगायचं असं नाही. जे सांगण्याजोगं आहे, ते हरवू द्यायचं नाही.

एवढं तर जमेल

• ट्रेकवरून आलात की अर्धा तास बसून वाट लिहा, युनिकोड मराठीत. कुठून निघालात, किती वेळ लागला, कुठे चुकलात, पाणी कुठे होतं. तारीख टाकाच. जानेवारीत भरलेलं टाकं मे महिन्यात कोरडं असू शकतं.

• ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे. त्यात वाट, टाकं, खिंड कुणालाही भरता येते, मराठी नावासकट. फक्त दुसऱ्या नकाशावरून कॉपी करू नका, स्वतः चाललेलंच टाका.

• जुना, उपयोगी ब्लॉग दिसला, तर त्याची लिंक इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह’ करा. एक मिनिटाचं काम आहे.

• वाट दाखवणाऱ्या आजोबांशी निवांत बोला. त्यांना विचारून आवाज रेकॉर्ड करा. त्यांची परवानगी असेल, तर माहितीसोबत त्यांचं नावही लिहा. वाट त्यांची आहे, ‘डिस्कव्हर’ तुम्ही केलेली नाही.

ट्रेकिंग नसेल तर पतंग, भोवरे, जुने रेडिओ, दिवाळीतले किल्ले, ज्याचा नाद असेल त्याचं लिहा. रीलही करा, कोण नको म्हणतंय? फक्त पोस्ट करताना खाली सविस्तर माहितीची लिंक द्या. आणि ती लिंक देता यावी, म्हणून आधी ती माहिती लिहून काढा.