विश्लेषण : शर्यत मोटारींची, पाहुणचार माध्यमांचा… बातमीचा खर्च कोण करतो?

मोटारशर्यतीत गाडीच्या बॉनेटवर आणि चालकाच्या हेल्मेटवर प्रायोजकाचे नाव ठळक दिसते. मात्र पत्रकार आणि यूट्यूबर यांचा प्रवास, हॉटेल, जेवण आणि पास यांवर प्रायोजक करतो तो खर्च वाचकाला दिसत नाही. त्याचा बातमीवर परिणाम होतो का?

नाशिकचा संबंध काय?

‘महिंद्र अँड महिंद्र’च्या प्रकल्पामुळे नाशिक हे वाहननिर्मितीचे मोठे केंद्र आहे. याच कंपनीचा संघ विजेवरील मोटारींच्या ‘फॉर्म्युला ई’ मालिकेत २०१४ च्या पहिल्या मोसमापासून उतरतो. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ही शर्यत प्रथमच भारतात, हैदराबादेत झाली. कंपनीची ‘एक्सयूव्ही ४००’ ही नाशिकमध्ये तयार होणारी विजेवरील मोटार त्याच सुमारास बाजारात आली होती. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’च्या निमित्ताने राष्ट्रीय रॅली मालिकाही नाशिक परिसरातील रस्त्यांवर धावली आहे.

प्रायोजक पाहुणचार का करतात?

जाहिरातीची जागा विकत मिळते, पण वाचकाचा विश्वास बातमीवर अधिक असतो. म्हणून जनसंपर्क संस्था निमंत्रितांची यादी करतात, पिटमध्ये फेरफटका घडवतात, चालकाची मुलाखत ठरवतात, प्रसिद्धिपत्रक आणि छायाचित्रे हाती देतात. यात मुळातच गैर काही नाही. दूरच्या शर्यतीला स्वखर्चाने प्रतिनिधी पाठवणे अनेक दैनिकांना परवडत नाही. निमंत्रण नसते तर ती बातमी मराठी वाचकापर्यंत पोहोचलीही नसती.

मग अडचण कुठे?

रॅली सार्वजनिक रस्ते तात्पुरते बंद करून होते. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली मालिकेच्या फेरीत, शर्यतीच्या मार्गावर आलेल्या दुचाकीला स्पर्धक मोटारीची धडक बसली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. गावकऱ्यांना पूर्वसूचना दिली का, प्रत्येक आडवाटेवर माणूस उभा आहे का, हे प्रश्न शर्यतीआधी विचारायचे असतात. यजमानाच्या टेबलावर बसून ते विचारणे अवघड जाते. पाहुणचारात पाकीट नसले तरी भीड असतेच. खाल्ल्या मिठाला जागणे हा एरवी सद्गुण, पण बातमीदारीत तोच दोष ठरतो.

नियम काय सांगतात?

कंपनीच्या खर्चाने दौरा केला असेल तर तसे बातमीत नमूद करावे, असे भारतीय प्रेस परिषदेची अर्थपत्रकारांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मात्र परिषद ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही. समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार मोफत सहल आणि हॉटेलमधील मुक्काम हेही जाहीर करावे लागणारे हितसंबंध आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे एकाच दौऱ्यावर गेलेल्या दोघांपैकी यूट्यूबरला कायद्याचा धाक आहे, वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला फक्त संकेताचा.

वाचकांनी काय पाहावे?

बातमीखाली ‘कंपनीच्या निमंत्रणावरून’ अशी ओळ असेल तर तो प्रामाणिकपणा समजावा. ती नसेल, तर बातमीत प्रायोजकाखेरीज आणखी कोणाचे म्हणणे आहे का, ते पाहावे. सुरक्षेची व्यवस्था, रस्ते बंद राहिल्याने स्थानिकांना झालेला त्रास, सरकारी तिजोरीतून झालेला खर्च यांपैकी काहीच नसेल, तर हाती पडली ती मजकुराच्या वेशातील जाहिरात. निमंत्रण स्वीकारण्यात कमीपणा नाही. ते वाचकापासून लपवण्यात आहे.