बांधापर्यंत न पोहोचलेले भाकीत

शेतीत उद्या काय घडणार याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र बरेच पुढे गेले आहे. तो अंदाज बांधापर्यंत नेणारी यंत्रणा मात्र खिळखिळी होत चालली आहे. विदर्भातील कापसाचा अनुभव या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारा आहे.

२००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी या विषाला कधी ना कधी सरावणार, हे शास्त्रज्ञांना तेव्हाही ठाऊक होते. म्हणूनच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी दिली जाई. ते बी शेताच्या कडेने पेरावे, म्हणजे विषाला न सरावलेली अळीही टिकून राहील, हा हेतू. पण ही पुडी कशासाठी आहे, हे समजावून सांगण्याचे काम कोणी अंगावर घेतले? दुकानदाराला त्यात लाभ नव्हता. कित्येक गावे सांभाळणाऱ्या कृषी कर्मचाऱ्याला कागदपत्रांतून उसंत नव्हती. पुड्या बहुधा उकिरड्यावर गेल्या.

२०१० मध्ये गुजरातेत, एका जनुकाच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे उघड झाले. त्यानंतरही सात वर्षे हाती होती. डिसेंबरअखेर कापूस उपटावा, फरदड घेऊ नये, कामगंध सापळे लावावेत, डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात, हे उपाय अल्पखर्ची व माहितीतले होते. परंतु ज्या उपायात विकण्यासारखे फारसे काही नसते, त्याला बाजारात प्रचारक मिळत नाही. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. मरणाऱ्यांत शेतमजूर होते. त्यांच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून कोणत्याही सल्लायादीतही ते नव्हते.

२००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सुमारे ६० टक्के शेतकरी कुटुंबांना आधुनिक शेतीची माहिती कोठूनच मिळत नव्हती. निविष्ठा विक्रेत्याकडून माहिती घेणारे १३ टक्के होते, तर सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारे ६ टक्क्यांहूनही कमी. वैद्य आणि औषधविक्रेता एकच झाला, तर रोगनिदान कोणत्या दिशेने झुकेल हे निराळे सांगावयास नको.

जागतिक बँकेच्या प्रेरणेने १९७० च्या दशकात आलेल्या 'प्रशिक्षण व भेट' पद्धतीत निदान माणूस ठरल्या दिवशी गावात येत असे. अर्थात तो वरून आलेला निरोप सांगे, गावाचा प्रश्न वर नेत नसे. आता मोबाइलवर संदेश येतो; त्याला प्रतिप्रश्न विचारता येत नाही.

महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या तुकड्यावर राबणारे हात पुष्कळदा बाईचे, मजुराचे किंवा मक्त्याने जमीन कसणाऱ्याचे असतात. पाऊस तर उशिरा येऊन एकदम कोसळू लागला आहे. अशा शेतीला छापील वेळापत्रक पुरणार नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत विक्रीशी संबंध नसलेला, सरकारी पगाराचा पूर्णवेळ सल्लागार हवा. त्याच्याकडून अनुदानाचे अर्ज व पंचनामे काढून घेतले पाहिजेत. त्याने खरिपापूर्वी ग्रामसभेत बसावे, फवारणाऱ्या मजुरांची बैठक निराळी घ्यावी, आणि गावात दिसलेल्या पहिल्या डोमकळीची नोंद त्याच आठवड्यात कृषी विद्यापीठाकडे धाडावी. विद्यापीठाने तिला लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे. येत्या खरिपाआधी तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी यातील एवढे जरी विचारले की, आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याकडे एकूण किती गावे आहेत, तरी पुष्कळ गोष्टी बाहेर येतील.