आपला इतिहास आपल्या ओसरीवर

राजेरजवाड्यांच्या लढाया आम्ही मुलांस पाठ करवितों. रयतेनें काय सोसलें तें पुस्तकांत क्वचितच असतें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. पुढें सरकारी चौकशी झाली, १८७९ सालीं कायदाही झाला. पण कागद लिहिणारा एक आणि त्यावर नांगराची निशाणी करणारा दुसरा! त्या निशाणीवाल्याच्या चुलीपाशीं त्या रात्रीं काय बोलणें झालें? तेव्हां विचारणारा नव्हता. आतां सांगणारा नाहीं.

वाचकहो, १९७२ च्या दुष्काळाचें तरी असें होऊं देऊं नका. दुष्काळी कामावर खडी फोडणारी, मिलोची भाकर खाऊन पोरांस सुकडी चारणारी माउली कित्येक घरीं अजून ओसरीवर बसलेली आहे. मजुरी किती मिळे? बैल कितीस विकला? गांव सोडून कोण गेलें, परत कोण आलें नाहीं? हें तिला विचारा, आणि शाळेंत जाणाऱ्या नातीकडून तिच्याच शब्दांत लिहवून ठेवा. आज घरोघरीं लिहितां येतें. मग आपल्या इतिहासावर पुन्हां नुसती निशाणी कां करावी?