रक्तगट आणि गुणमेलन

वधू-वर मेळाव्याच्या परिचय-पुस्तिकेत गोत्र, नाडी, जन्मवेळ यांच्या शेजारी आता ‘रक्तगट’ हा रकानाही रूढ झाला आहे. शास्त्राला मिळालेला हा मान पाहून वैद्यकीय व्यावसायिकाला आनंद व्हावा. परंतु त्याचा उपयोग पाहून मला खेदच वाटतो. ‘दोघांचा गट एकच, तेव्हा संतती सदोष होईल’, असे म्हणून उत्तम स्थळे नाकारणारे सुशिक्षित पालक आपल्या इंदूरच्या मराठी समाजातही आहेत. एकनाड म्हणजेच एक रक्तगट, असे समर्थनही त्याला जोडले जाते. वस्तुतः नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून आणि रक्तगट ठरतो मातापित्यांकडून आलेल्या जनुकांवरून. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. त्यांची आनुवंशिकता उलगडली ती १९२४ मध्ये, फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञामुळे. नवव्या गुणसूत्रावरील एकाच जनुकाची ए, बी आणि ओ अशी तीन प्रमुख रूपे समाजात आढळतात. मात्र प्रत्येक व्यक्तीच्या वाट्याला त्यांपैकी दोनच येतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. ए आणि बी ही समबल, तर ओ हे अप्रभावी. म्हणून जोड्या सहा होतात, पण गट चारच दिसतात. ए गटाच्या व्यक्तीत ओ हे रूप दडलेले असू शकते. त्यामुळे ए आणि बी गटांच्या दांपत्याला ओ गटाचे अपत्य होऊ शकते. एबी आणि ओ गटांच्या दांपत्याची मुले तर सामान्यतः ए किंवा बी, म्हणजे दोघांहूनही निराळ्या गटाची असतात. बाळाचा अहवाल हाती येताच घरात कुजबुज सुरू करणाऱ्यांनी एवढे अवश्य ध्यानी ठेवावे.

या नियमालाही अपवाद आहे आणि तो आपल्याच मुंबईत सापडला. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. ए व बी प्रतिजन ज्या एच पदार्थावर घडतात, तोच या व्यक्तींत नसतो. नेहमीच्या तपासणीत त्यांचा गट ओ भासतो, तरी त्यांच्या अपत्याचा गट ए वा बी निघू शकतो. केवळ रक्तगटावरून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. आई ओ गटाची आणि बाळ ए वा बी गटाचे असेल, तर आईच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे नवजात बाळाला कावीळ होऊ शकते. म्हणजे हा प्रश्न गट भिन्न असताना उद्भवतो. गट एक असताना, वरील विरळा अपवाद सोडल्यास, उद्भवतच नाही! शिवाय अशी कावीळ बहुधा प्रकाशोपचाराने बरी होते. आई आर-एच निगेटिव्ह व वडील पॉझिटिव्ह असल्यास दक्षता हवी, हे खरे. परंतु गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दिलेले अँटी-डी इंजेक्शन त्यासाठी पुरेसे ठरते. त्याकरिता लग्न मोडण्याचे कारण नाही.

जे विचारावयास हवे ते मात्र कोणी विचारीत नाही. थॅलेसेमिया व सिकलसेल यांचे वाहक दिसावयास निरोगी असतात. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के शक्यता आजारी अपत्याची असते. आणि थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावे लागते. सिकलसेलचे गणितही हेच आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातून, शहडोल येथून सुरू झाली, हे विसरून चालणार नाही.

ही माहिती उघड झाली तर मुलीच्याच माथी दोष येईल, ही पालकांची भीती निराधार नाही. म्हणून ती पुस्तिकेत छापू नये, असेच माझे मत आहे. ठराव होण्यापूर्वी दोघांनी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करून घ्यावी आणि अहवाल परस्परांना विश्वासाने दाखवावेत. दोघेही वाहक निघाले तरी मार्ग खुंटत नाही. गर्भजल वा वार यांच्या परीक्षणाने वेळीच निदान होते. निर्णय त्या दोघांचा असावा; माहिती पुरविणे हे आपणा डॉक्टरांचे कर्तव्य. रक्तगटाचा रकाना रक्तदात्यांच्या यादीत शोभतो, तेथेच तो असू द्यावा.