प्रेमाची भावंडं

छोट्या दोस्तांनो, आणि 'छोटं' म्हटलेलं ज्यांना आता आवडत नाही अशा मोठ्या दोस्तांनो,

फळ्यावर 'प्रेम' हा शब्द लिहिला की वर्गात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू! कुणी कुणाला कोपरानं ढोसतं, कुणी उगाच वहीत डोकं घालतं. जसा काही सिनेमातल्या नायक-नायिकेनं हा शब्द विकतच घेतलाय.

पण आपल्या मराठीत या शब्दाची केवढी भावंडं आहेत, बघा. आईची असते ती माया. मित्रांमध्ये असतो तो जिव्हाळा. गोठ्यातल्या वासराचा लागतो तो लळा. माहेराची असते ती ओढ. परक्याचं दुःख बघून मन हलतं, ती करुणा. आणि आपल्या मराठवाड्यातली म्हातारी माणसं तर नुसतं म्हणतात, "लई जीव लावला बघ लेकरानं!"

भावंडांचे चेहरे वेगळे, पण घराणं एकच. मग खरं प्रेम ओळखायचं कशावरून? माझी एक साधी खूण आहे. समोरच्याचं भलं व्हावं म्हणून माणूस स्वतः थोडी झीज सोसायला तयार आहे का? असेल, तर ते प्रेम. पटतंय का? थांबा, लगेच मान डोलावू नका. आधी लातूर जिल्ह्यातल्या एकाच औसा तालुक्यातल्या दोन गावांच्या गोष्टी ऐका.

पहिलं गाव किल्लारी. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा अगदी लहान होते. हे सारं मी मोठ्यांच्या तोंडून ऐकलंय.

कितीतरी लेकरं एका रात्रीत पोरकी झाली. त्यांच्यासाठी अन्न आलं, कपडे आले, तंबू आले. पण लेकराला तेवढंच पुरतं का? ताप आला तर रात्री उशाशी बसायला कुणी लागतं. अभ्यास चुकवला तर रागवायलाही कुणी लागतं! भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानं नळदुर्गजवळ पोरक्या मुलांसाठी एक वसतिगृह उभं राहिलं. त्याचं नाव काय ठेवलं, ठाऊक आहे? 'आपलं घर'! नुसत्या नावातसुद्धा किती माया असते, नाही?

तुमचं प्रगतिपुस्तक काढून बघा. त्यावर सहीसाठी एक रेघ असते. तिथं 'आई-वडिलांची सही' असंच छापलेलं नसतं, 'पालकांची सही' असंही असतं. पालक म्हणजे पाळणारा, सांभाळणारा. जन्म देणारे एकदा जन्म देतात. पालक व्हावं लागतं ते रोज. तुमचे आई-बाबाही रोज नव्यानं पालक होत असतात, बरं का!

आता दुसरं गाव, हासेगाव. इथं २००७ मध्ये रवी बापटले यांनी 'सेवालय' सुरू केलं. एच.आय.व्ही.ची लागण जन्मतःच घेऊन आलेल्या मुलांसाठी. यातल्या अनेकांचे आई-वडील त्याच आजारानं गेलेले, नातेवाईक जवळ करायला तयार नाहीत. लोकांना भीती वाटत होती. २००९ मध्ये सेवालयातली मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तर इतर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणंच थांबवलं.

ही माणसं दुष्ट होती का? नाही, ती घाबरलेली होती. त्यांनाही आपापल्या लेकरांचीच काळजी होती. पण माहितीचा दिवा नसला की माया आंधळी होते. खरी गोष्ट अशी की एकत्र बसल्यानं, खेळल्यानं, हात हातात घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा विषाणू पसरत नाही. मग शेजारच्या बाकावर बसल्यानं काय बिघडणार होतं? पुढं विरोध हळूहळू मावळत गेला. रोज वेळेवर औषध घेत मुलं वाढली. त्यांनी गाण्या-नाचाचा वाद्यवृंद उभा केला. संस्थेनं आपल्या वसाहतीला नाव दिलं 'हॅपी इंडियन व्हिलेज'. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा बरं! ज्या तीन अक्षरांना लोक भीत होते, त्यांचाच अर्थ यांनी बदलून टाकला.

आणि पुढची गंमत ऐका. इथली काही मुलं-मुली मोठी झाली आणि त्यांची लग्नंही लागली. एकमेकांचा आजार ठाऊक असताना, न लपवता त्यांनी संसार मांडला. आज योग्य औषधोपचार झाले, तर आईकडून बाळाला होणारी लागणही बहुतेक वेळा टाळता येते. म्हणजे एकाच आवारात करुणा आली, तिच्या मागोमाग पालकपण आलं आणि मग नवरा-बायकोचं प्रेमही आलं. भावंडं अशी हात धरून येतात!

आता मोठ्या दोस्तांसाठी दोन शब्द. तुमच्या वयात कुणीतरी आवडू लागतं. त्यात वाईट काही नाही. वयाचा धर्मच आहे तो. पण ती मघाची खूण विसरू नका. भिंतीवर तिचं नाव लिहिणं, सायकलवरून तिच्या मागं मागं फिरणं, "हो म्हण, नाहीतर बघ" असं धमकावणं... यात तिचं भलं कुठं आहे? तिची तर शाळाच सुटायची वेळ येते! वर्तमानपत्रं याला 'एकतर्फी प्रेम' म्हणतात. मला तो शब्दच पटत नाही. ज्यात समोरच्याच्या 'नाही'ला किंमत नाही, ते नुसतं हट्टाचं खूळ. आणि मुलींनो, असा त्रास होत असेल तर गप्प बसू नका. आईला सांगा, बाईंना सांगा. तुमची त्यात काहीही चूक नसते.

शेवटची गोष्ट नांदेडकरांच्या जिव्हाळ्याची. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. त्यांचे एक शिष्य होते, भाई कन्हैया. शीख परंपरेत सांगतात की आनंदपूरच्या लढाईत ते खांद्यावर पखाल घेऊन जखमींना पाणी पाजत फिरायचे. आपल्याही आणि शत्रूच्याही. काही जणांनी गुरूंकडं तक्रार नेली. भाई म्हणाले, मला तर सगळ्यांमध्ये गुरूच दिसतात. गुरू रागावले नाहीत. उलट त्यांनी मलमाची डबी दिली आणि जखमांना मलमही लावायला सांगितलं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आजही लंगरच्या पंगतीत बसताना कुणी तुमची जात विचारत नाही, धर्म विचारत नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. रविवारपर्यंत एक काम असं करा, ज्यात फायदा दुसऱ्याचा आणि झीज तुमची. आजीचे पाय चेपा. वर्गात एकट्या बसणाऱ्याच्या शेजारी डबा घेऊन बसा. किंवा आज सगळ्यांच्या आधी आईला ताट वाढा. एकच अट आहे, कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही!

तुमच्या,
बाई