सामायिक परीक्षा आणि रयतेची मुले

1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे रोखठोक सांगितले की, सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतो. 2004 साली सोलापुरास स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. विद्या दारी आली. पण 2024 पासून राज्यात बी.बी.ए., बी.सी.ए.च्या प्रवेशास सामायिक परीक्षा लागू झाली. बारावीचा निकाल लागण्याआधीच तिचा फॉर्म भरावा लागतो, परीक्षा संगणकावर. यंत्रमागावर राबणाऱ्या बापास ही वार्ता कोण देणार? मुदत हुकली म्हणजे मुलगा नालायक ठरतो काय? आमचे मागणे साधे आहे: प्रत्येक कॉलेजाने फॉर्म स्वतः भरून घ्यावेत, गरिबांची फी सरकारने सोसावी. बंधुभगिनींनो, तोवर स्वस्थ बसू नका. डिसेंबरातच मास्तरांना गाठून मुदत विचारा!